जळाल्याची वेळ

२८ मार्च २०२४, गुरुवार

सकाळची ड्युटी, आठ ते दोन. जळीत वॉर्डात चार पेशंट. तीन ड्रेसिंग केली. सात नंबरच्या आजोबांना सुट्टी झाली. घरी येऊन भात टाकला. दोन वाट्या तांदूळ घेतले होते, एक वाटी परत डब्यात ओतली.

ही वही इंदुताईंनी दिली. त्या आयसीयूच्या आणि जळीत वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर. मागच्या वर्षीच्या रजिस्टरची कोरी पानं उरली होती. म्हणाल्या, "उर्वशी, तू बोलत तर नाहीस. निदान लिहून काढ." काय लिहायचं ते सांगितलं नाही. ड्युटीचा रिपोर्ट लिहिते तसंच लिहिते आहे.

फेब्रुवारीत मला आयसीयूमधून इथे हलवलं. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझ्या हातून काही चुकलं असेल. आयसीयूत दोन नंबरच्या बेडजवळून जाताना माझे पाय हळू पडायचे, ते इंदुताईंनी पाहिलं असेल. माझे मिस्टर राजदीप जानेवारीत त्याच बेडवर गेले.

३१ मार्च, रविवार

सुट्टी. कपडे धुतले. अकरा वाजता आईंचा फोन आला. आई म्हणजे राजदीपच्या आई, मीराबाई. मूल तालुक्यातल्या गावात एकट्या राहतात. दर रविवारी फोन करतात आणि दर वेळी तेच विचारतात.

"उर्वशी, त्या दिवशी त्यानं काही खाल्लं होतं का?"

"पोहे होते, आई."

"अन् लिंबू होते का घरात?"

"होते."

"बरं," म्हणाल्या.  मग म्हणाल्या, "नळाले पाणी येऊन राह्यलं ना रोज?"

वयानं असं होत असेल. एकच गोष्ट धरून बसतात. लिंबाचं काय आहे ते मला कळत नाही.

७ जानेवारीचं एकदा नीट लिहून ठेवते. तोही रविवार होता. राजदीप घुग्घुसला शाळेत शिकवायचे, त्यांना सुट्टी होती. माझी रात्रपाळी संपवून मी पावणेनऊला घरी आले. त्यांनी पोहे केले होते. मी खाल्ले आणि झोपले. साडेबाराला उठले तेव्हा ते खुर्चीत होते, शर्ट घामानं भिजलेला. ऑटोतून दवाखान्यात नेलं. त्रास कधी सुरू झाला, असं डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलं, बारा वाजता. तीन चाळीसला गेले.

त्यांची पोह्यांची ताटली ओट्यावर तशीच होती. बाजूला अर्धं लिंबू. सिंकमध्ये एक ग्लास होता, तो मी त्या दिवशीच धुतला. का धुतला माहीत नाही, हातच तसे चालतात. आम्लपित्ताच्या गोळ्यांचं पाकीट अजून फ्रिजवर आहे, त्यात एक गोळी कमी. ते फेकायचं राहून जातं.

२ एप्रिल, मंगळवार

सकाळची ड्युटी. संध्याकाळी सात वाजता सुटले.

एक वाजून दहा मिनिटांनी रोशनी आली. वय चोवीस. सिंदेवाहीकडच्या जंगलातलं गाव. शेजाऱ्याच्या जीपमध्ये मागे आडवी टाकून आणलेली. वाटेत एक सरकारी दवाखाना लागतो, तिथे थांबले नव्हते. सोबत फक्त सासरे, लटारू. नवरा इसरू मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. पाठ आणि दोन्ही पाय मागच्या बाजूनं जळालेले. तीस टक्के. वजन पंचेचाळीस किलो. शुद्धीवर होती आणि सारखी पाणी मागत होती. अशा पेशंटला तहान फार लागते. मी ओठ ओले केले.

आमच्या केस पेपरवर नावाखालीच जळाल्याची वेळ लिहायची असते. भाजलं की त्या मिनिटापासून अंगातलं पाणी रक्तातून झिरपून जायला लागतं. म्हणून सलाईनचा हिशोब दवाखान्यात आल्यापासून धरत नाहीत, जळाल्यापासून धरतात. पहिल्या आठ तासांत निम्मं जायला लागतं. कमी पडलं तर आधी किडनी बसते.

आदेश सर ड्युटीवर होते. त्यांनी विचारलं, "किती वाजता जळली?"

"अकरा वाजता, साहेब," लटारूभाऊ म्हणाले. "घरीच. चुलीपाशी."

सरांनी अकरा लिहिलं. चोवीस तासांत पाच हजार चारशे मिली, त्यातलं निम्मं संध्याकाळी सातपर्यंत. मी दोन्ही हातांना सुया लावल्या, लघवीची नळी टाकली.

दवाखान्याच्या पोलीस चौकीतला शिपाई बयाण घ्यायला आला. बाकीचे इलेक्शनच्या बंदोबस्ताला, हा एकटाच होता. पाठीकडे पाहून मला बाजूला घेतलं. "सिस्टर, चुलीपाशी बाई पुढून जळते. हे मागून काऊन जळली? लग्नाले तीन वर्षं. नवरा गावात नाई. घरी सासरा एकटा." मग पेन कानावर ठेवून म्हणाला, "मी काही म्हणून नाई राह्यलो. तुमी ध्यान ठेवा फक्त."

मलाही तसंच वाटलं, हे खरं.

दोनला माझी ड्युटी संपली. पुढच्या सिस्टरला ओव्हर दिली, पण गेले नाही. तीन वाजता पिशवीत आठ मिली लघवी. चार वाजता पाच. तासाला बावीस-पंचवीस तरी हवी. रंग काळ्या चहासारखा. नाडी एकशे बेचाळीस, बोटं गार.

"सर, वेग वाढवू?"

"हिशोबाप्रमाणेच चाललंय ना? अकराची केस आहे, पाच तास झाले. मागच्या आठवड्यात बारा नंबरच्या फुप्फुसात जास्त सलाईननं पाणी भरलं ते विसरलात का? अजून एक तास बघू."

सर घाबरट नाहीत. कागदावरच्या आकड्याला ते बरोबरच होते. मला आकडा पटत नव्हता. दोन तासांची म्हणून आणलेली, पण सूज तेव्हाच फार चढलेली होती.

तिचे केस पाठीवरून वर घेऊन बांधत होते. त्यात जळक्या पाल्याचे तुकडे होते आणि एक मोहाचं फूल. बोटांत दाबलं तर रस निघाला.

माझं माहेरही जंगलाकाठचं आहे. मोह पहाटे गळतो. पाल्यात फूल दिसत नाही म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ करतात आणि उजाडायच्या आत टोपलं घेऊन बसतात. ऊन चढल्यावर झाडाखाली काही उरत नाही. अकरा वाजता कोणी मोह वेचत नाही.

"रोशनी, कुठे जळलीस?"

तिनं दाराकडे पाहिलं. "घरी. अकरा वाजता. पाणी द्या ना, सिस्टर."

मला राग आला. वेळ खोटी सांगणाऱ्या नातेवाइकांचा मला नेहमीच राग येतो. त्यांना वाटतं आपण माणूस वाचवतो आहोत.

लटारूभाऊ बाहेर व्हरांड्यात उकिडवे बसले होते. साठीचे असतील. मी फूल पुढे केलं.

"हे तिच्या केसात होतं."

"असन. घरी सुकवाले टाकलेत."

"सुकलेलं नाही. ओलं आहे."

ते फुलाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बाई, तुमी दवाई करा ना. टाइम पाहून का करता? टाइमानं का जळलेलं बरं होते?"

"पोलीस म्हणतात तुम्ही जाळली."

"मी?" त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "माह्या पोरीले?"  मग खाली पाहून म्हणाले, "म्हनू द्या. अकराच वाजले होते."

मला कळेना, हा माणूस खुनाचा आळ घेतो, पण तास बदलत नाही. मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. ड्युटीच्या कपड्यांत आम्ही असं बसत नाही. मग मी त्यांना माझं सांगितलं. पाच मिनिटंही लागली नसतील.

ते ऐकत होते. संपल्यावर फूल माझ्या हातातून घेतलं.

"सहा," म्हणाले. "सूर्य निघाला नव्हता. मीच लावलो इस्तो. यंदा गावानं ठराव केला, पाला जाळाचा नाई. जो जाळन त्याच्यापायी सबन गावाचं मोह वेचणं बंद होईन. पयला हात मीच वर केलो होतो, बाई. मंग रात्री हवा आली, सबन पाला पडला. म्हटलं एका झाडाखालचा जाळतो, कोण पाहून राह्यलं. हवा फिरली. ते टोपलं घेऊन वाकली होती, तिकून जाळ आला."

"आणि सहापासून?"

"फॉरेस्टचा गार्ड आला ना धूर पाहून. आठ वाजेपर्यंत गावात फिरला, मंग अकरापर्यंत पाटलाच्या ओट्यावर बसला. तिले घरात गोधडीखाली झाकून ठेवलो." त्यांनी फूल मुठीत धरलं. "आवाज नाई केला पोरीनं. तो जाईपर्यंत आवाज नाई केला."

मी पळत आत गेले. वॉर्डात पळायचं नसतं.

"सर, सहाची केस आहे. सकाळी सहा."

सरांनी घड्याळ पाहिलं. चार वीस. "म्हणजे आठ तास दोनलाच संपले," असं स्वतःशीच म्हणाले. मग म्हणाले, "दोन्ही लाइन उघडा. पूर्ण." दर पंधरा मिनिटांनी ते स्वतः छाती ऐकत होते. साडेपाचला पिशवीत नऊ. सहाला चौदा. मी बेडजवळ खाली बसून पिशवीच्या रेघा पाहत होते. सव्वासहाच्या पुढे थेंब सलग पडायला लागले. सातला तासाची मोजली, एकतीस. रंग पिवळ्याकडे झुकलेला.

आदेश सर म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला कसं कळलं?"

मी म्हटलं, "मोहाचं फूल होतं."

३ एप्रिल, बुधवार

काल लटारूभाऊंना जे सांगितलं ते इथेही लिहिते. परक्या माणसाला सांगता आलं, मग वहीला का नाही.

७ जानेवारीला मी पावणेनऊला घरी आले. राजदीप म्हणाले, छातीत जळजळ होते आहे सकाळपासून. मी चप्पल काढत होते. त्यांचा चेहरा पाहिला नाही. म्हटलं, काल मटण खाल्लंत ना, पित्त असेल, आणि गोळी काढून दिली. आयसीयूची सिस्टर मी. दुसऱ्या कोणाचा नवरा असं म्हणाला असता तर दहा मिनिटांत त्याची ईसीजीची पट्टी काढली असती. मी पोहे खाल्ले आणि झोपले. साडेबाराला उठले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तोंडातून बारा निघालं. विचार करून नाही. सगळा स्टाफ ओळखीचा होता. नऊ म्हटलं असतं तर मी काय करत होते तेही सांगावं लागलं असतं.

तीन तासांनी फरक पडला असता का, हे मला माहीत नाही. वेळच खोटी सांगितल्यामुळे कोणाला विचारताही येत नाही.

रोशनीची लघवी दिवसभर चांगली. नाडी एकशे दहा.

५ एप्रिल, शुक्रवार

शिपायानं पुन्हा बयाण घेतलं. रोशनीनं सगळं खरं सांगितलं, सासऱ्यावरचा संशय गेला. दुपारी फॉरेस्टचा गार्ड आला. लटारूभाऊंनी स्वतःच नाव सांगितलं, अंगठ्याऐवजी सही केली. सही करता येते हे त्यांनी दोनदा सांगितलं.

गार्ड म्हणाला, "काका, मी ओट्यावर चहा पीत बसलो होतो ना तुमच्या गावात. सांगाचं होतं. माझ्याकडे गाडी होती."

 गार्ड मग टोपी हातात घेऊन उभा होता.

इसरू तेलंगणातून आला. हातांना मिरचीची आग होती, म्हणून बायकोला हात लावेना. मी त्याला साबण दिला.

९ एप्रिल, मंगळवार

ड्रेसिंगला पाऊण तास लागला. रोशनी ओरडत नाही. मी तिला सांगितलं, इथे ओरडलं तरी चालतं, इथे कोणी गार्ड नाही. तेव्हा ती हसली आणि मग ओरडली. बाहेरून इंदुताई धावत आल्या. "काय केलंस गं तिला?" रोशनी म्हणाली, "त्यायनंच म्हटलं, ओरड."

नंतर सासऱ्यांबद्दल म्हणाली, "मामाजी रोज मोसंबी आणून राह्यले. लग्नात मले एक बांगडी कमी आणली म्हणून मायनं भांडण केलं होतं. आता पाहा, मोसंबीचा ढीग."

उजव्या पायाच्या जखमेला थोडा वास आहे. सर म्हणाले जंतू तपासायला कल्चर पाठवू. अजून काही सांगता येत नाही. पण पहिला धोका गेला.

निघताना लटारूभाऊ फाटकाशी भेटले. ठरावाच्या मीटिंगला ते परवा गावी गेले होते. लोक खूप बोलले म्हणाले. "बोलाचेच होते. बोलले ते बरं झालं." मग मला विचारलं, "तुमी सांगितलं का, बाई, घरी?"

मी म्हटलं, घरी कोणी नाही.

ते म्हणाले, "त्याची माय असन ना."

११ एप्रिल, गुरुवार

इंदुताईंना विचारलं, मला आयसीयूतून का हलवलं, काही चुकलं होतं का. त्या औषधं मोजत होत्या. म्हणाल्या, "वेडी आहेस का? मोजू दे मला." रविवारची रजा मागितली. दिली.

१४ एप्रिल, रविवार

सकाळच्या बसनं आईंकडे गेले. जयंती. गावात निळे झेंडे, विहाराला रंग दिलेला. सकाळी वंदना झाली. मी आईंशेजारी बसले होते, त्यांनी पांढरं नेसलं होतं. राजदीप दर वर्षी इथे भाषण करायचे. यंदा एका मुलीनं केलं, चांगलं केलं.

दुपारी मिरवणुकीचा आवाज लांब गेला तेव्हा आम्ही मागच्या अंगणात होतो. आई सुपात लाखोळीची डाळ निवडत होत्या. आज रविवार होता, अकरा वाजून गेले होते, पण त्यांनी नेहमीचं विचारलं नव्हतं. समोर असताना विचारत नाहीत, हे माझ्या आज लक्षात आलं.

मी म्हटलं, "आई, त्यांना बाराला नाही दुखलं. नऊलाच दुखत होतं. मला सांगितलं होतं. मी गोळी दिली आणि झोपले."

त्यांची बोटं डाळीत फिरत होती. खडा काढला, बाजूला टाकला.

"मले मालूम आहे," म्हणाल्या.

मला वाटलं मिरवणुकीच्या आवाजात मी नीट ऐकलं नाही.

"त्यानं फोन केला होता मले. सव्वानऊ वाजता. म्हणे, आई, छातीत जळजळून राह्यलं, गोळीनं काई होऊन नाई राह्यलं. म्हटलं, उर्वशीले उठव. म्हणे, रातभर उभी होती ते, आता डोळा लागला, नाई उठवत." त्यांनी सूप मांडीवरून खाली ठेवलं. "मंग मीच म्हटलं, लिंबू-पाणी पी अन् पडून राह. होईन बरं."

मी त्यांच्याजवळ सरकले.

"तुले विचारतो ना मी दर रविवारी. लिंबू होते का. वाटे, एखाद्या वेळी तू म्हणशीन, नव्हते. नसते तर त्यानं माह्यं ऐकलं नसतं. तुलेच उठवलं असतं. म्हणजे मंग माह्यामुळे नाई."

"आई, मलाही..." एवढंच म्हणाले.

"ग्लास होता का कुठी?"

मला माहीत होतं काय विचारत आहेत. नव्हता, असं म्हणता आलं असतं. एकच शब्द होता, आणि ग्लास मी केव्हाच धुऊन टाकला होता.

"सिंकमध्ये होता," मी म्हटलं.

"रिकामा?"

"रिकामा."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत होत्या. मग माझा हात ओढून सुपावर ठेवला आणि म्हणाल्या, "खडे आहेत यंदा. पाहून काढ." आम्ही दोघी डाळ निवडत बसलो. मिरवणूक परत आली तेव्हा निम्मी डाळ निवडून झाली होती. शेजारणीनं खीर आणून दिली.

निघताना आईंनी पिशवीत डाळ भरली. फाटकाशी म्हणाल्या, "पुढच्या रविवारी फोन करीन." मग म्हणाल्या, "दुसरं काई विचारीन."

१५ एप्रिल, सोमवार

दुपारची ड्युटी, दोनला. काल रात्री साडेआठला इंदुताईंचा फोन आला होता. रोशनीच्या पायाचा वास कमी आहे, आज तिला उभं करायचं आहे, मी असावं असं ती म्हणते.

सकाळी आठला उठले. फ्रिजवरचं पाकीट कचऱ्यात टाकलं.

पोहे भिजवले. जानेवारीनंतर केले नव्हते. एका माणसाचे किती घ्यायचे याचा अंदाज नव्हता, एक मूठ घेतली, मग अर्धी अजून. कांदा चिरला. फोडणीत मिरची जरा जास्त पडली. ताटलीत काढले, लिंबू कापलं, अर्धं पोह्यांवर पिळलं. उरलेलं अर्धं उपडं ठेवून त्यावर वाटी झाकली. मग ओट्याशी उभ्यानंच सगळे पोहे खाल्ले आणि ताटली धुऊन ठेवली.